बिल आजचें, भरपाई उद्यांची

श्रोतेहो, सकाळीं डबा घेऊन घराबाहेर पडलेला मनुष्य संध्याकाळीं परत येईल, हें आपण इतकें गृहीत धरून चालतों कीं, त्याबद्दल कोणी विचारहि करीत नाहीं. मग एखाद्या दिवशीं दुपारीं दूरध्वनीची घंटा वाजते. चौकांत मोटारीनें धडक दिली, पाय मोडला, डोक्याला मार लागला, अमुक रुग्णालयांत नेलें आहे, असें कोणी अनोळखी मनुष्य सांगतो. घरचीं माणसें धांवत तेथें जातात. जीव वांचेल ना, हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. दुसरा प्रश्न त्यांना विचारावाच लागत नाहीं. तो रोखपालाच्या खिडकींतून त्यांनाच विचारला जातो : अनामत किती भरतां?

या दुसऱ्या प्रश्नाविषयीं आज मला बोलावयाचें आहे. चूक दुसऱ्याची होती, मोटारीचा विमा होता, तेव्हां आज ना उद्यां पैसे मिळतील, असा दिलासा शेजारीपाजारी देतात. तो दिलासा खोटा नसतो. परंतु ‘आज’ आणि ‘उद्यां’ यांच्यामध्यें जो काळ जातो, त्या काळांत बांगड्या मोडल्या जातात, भविष्यनिर्वाह निधींतून पैसे काढले जातात, आणि शेवटीं कर्ज होतें. भरपाई हातीं येते तेव्हां ती जखमी माणसाची राहिलेली नसते. ती धनकोची झालेली असते. हें किती टाळतां येईल आणि कोणत्या मार्गानें, एवढाच आजचा विषय.

प्रथम मुळांतला घोटाळा समजून घेऊं. अपघात एकच असतो, पण त्यांतून दोन स्वतंत्र व्यवहार जन्माला येतात. पहिला व्यवहार जखमी मनुष्य आणि ज्याच्या हयगयीनें अपघात झाला तो मनुष्य यांच्यामधला. येथें करार नाहीं. एकानें दुसऱ्याची हानि केली, म्हणून ती भरून देण्याची जबाबदारी कायदा त्याच्यावर टाकतो. दुसरा व्यवहार जखमी मनुष्य आणि रुग्णालय यांच्यामधला. रुग्णालयानें उपचार केले, औषधें दिलीं, खाट दिली. त्याचें मोल रोग्यानें द्यावयाचें. हा साधा देण्याघेण्याचा करार आहे. आपल्या मनांत मात्र हे दोन व्यवहार एकमेकांत मिसळलेले असतात. मोटारवाल्यानें पाय मोडला, तेव्हां बिलहि त्यानेंच भरावें, हा न्याय आपल्याला उघड दिसतो. कायद्यालाहि तो दिसतो; परंतु तो न्याय कायदा वळसा घालून पोंचवितो. बिल रोग्यानें भरावयाचें, त्याच्या पावत्या न्यायाधिकरणापुढें ठेवावयाच्या, आणि मग ती रक्कम मोटारवाल्याकडून, म्हणजे बहुधा त्याच्या विमा कंपनीकडून, मिळवावयाची. ‘आमचा दावा चालू आहे, निकाल लागल्यावर पैसे देऊं,’ असें खिडकीशीं सांगितलें, तर तोंपर्यंत थांबण्याचें बंधन रुग्णालयावर नाहीं. यांत रुग्णालयाचा सर्वस्वीं दोष आहे असेंहि म्हणतां येत नाहीं. परिचारिकांचे पगार आणि प्राणवायूचे पैसे त्यालाहि महिन्याच्या महिन्याला द्यावेच लागतात.

या वळशाची किंमत काय, तें एका कल्पित उदाहरणानें पाहूं. समजा, एका नोकरदार गृहस्थाच्या उपचाराचें बिल चार लाख रुपये झालें. घरांत शिल्लक नाहीं, म्हणून सगळी रक्कम दरमहा शेंकडा तीन रुपये व्याजानें उसनी घेतली. न्यायाधिकरणाचा निकाल तीन वर्षांनीं लागला आणि व्याजासुद्धां सहा लाख रुपये भरपाई मिळाली. वरवर पाहतां बिल फिटून दोन लाख रुपये उरावे. पण चार लाखांचें व्याज महिन्याला बारा हजार, वर्षाला एक लाख चव्वेचाळीस हजार, आणि तीन वर्षांत चार लाख बत्तीस हजार रुपये होतें. मुद्दल धरून देणें झालें आठ लाख बत्तीस हजार. खटला जिंकूनहि गृहस्थ दोन लाख बत्तीस हजारांनीं बुडाला. न्यायाधिकरणाचें व्याज वर्षाच्या हिशेबानें चढतें आणि सावकाराचें महिन्याच्या, हें या सर्व दुःखाचें गणित आहे.

तेव्हां पहिला उपाय असा कीं, कर्ज काढण्याचीच वेळ शक्य तितकी लांबवावी. यासाठीं अपघातानंतरच्या पहिल्या कांहीं तासांत आपला हक्क काय आहे तें ठाऊक असलें पाहिजे. एका स्कूटरस्वाराला वेगानें जाणाऱ्या मोटारीनें धडक दिली. एका वाटसरूनें त्याला उचलून जवळच्या रुग्णालयांत नेलें. पोलिसांशीं संबंध येणारीं प्रकरणें आम्ही घेत नाहीं, असें सांगून डॉक्टरांनीं त्यांना वीस किलोमीटरांवरील दुसऱ्या रुग्णालयाकडे धाडलें. तेथें पोंचण्यापूर्वींच तो दगावला. ही हकीकत वृत्तपत्रांत छापून आली आणि तिच्या आधारें परमानंद कटारा यांनीं सर्वोच्च न्यायालयांत अर्ज केला. १९८९ सालीं न्यायालयानें निकाल दिला कीं, जीव वांचविणें हें प्रत्येक डॉक्टराचें, मग तो सरकारी असो वा खाजगी, पहिलें कर्तव्य आहे, आणि कोणत्याहि औपचारिकतेसाठीं त्यानें थांबतां कामा नये. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यांतहि डॉक्टरांवर हेंच बंधन घातलेलें आहे. पोलिसांचा कागद आला नाहीं म्हणून कोणीहि तातडीचा उपचार अडवूं शकत नाहीं. जखमीला उचलून आणणाऱ्या वाटसरूलाहि भिण्याचें कारण नाहीं. २०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानें आणि २०१९ च्या कायदादुरुस्तीनें त्याला संरक्षण दिलें आहे.

महाराष्ट्रांत आणखी एक सोय आहे, ती पुष्कळ सुशिक्षितांनाहि माहीत नसते. मुंबई-पुण्याचीं कित्येक मोठीं रुग्णालयें सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेलीं आहेत. मुंबई उच्च न्यायालयानें २००६ सालीं मंजूर केलेल्या योजनेप्रमाणें अशा धर्मादाय रुग्णालयांनीं दहा टक्के खाटा निर्धन रोग्यांसाठीं मोफत आणि दहा टक्के खाटा दुर्बल घटकांसाठीं सवलतीच्या दरानें राखून ठेवावयाच्या आहेत. एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधींत जमा करावयाची आहे. आणि तातडीचा रोगी आला तर अनामत न मागतां त्याला दाखल करून त्याची प्रकृति स्थिरावेपर्यंत उपचार करावयाचे आहेत. म्हणून रुग्णालयांत पाऊल टाकल्यावर, हें धर्मादाय रुग्णालय आहे का, आणि येथील वैद्यकीय समाजसेवक कोठें बसतात, हे दोन प्रश्न अवश्य विचारावे. प्रकृति स्थिरावल्यावर खर्च झेपत नसेल, तर मुंबईंत के. ई. एम. किंवा शीव, पुण्यांत ससून, अशा सार्वजनिक रुग्णालयांत हलविण्याचा विचार डॉक्टरांच्या सल्ल्यानें करण्यांत कमीपणा मुळींच नाहीं.

याहून मोठी सोय अलीकडची आहे. मे २०२५ मध्यें केंद्र सरकारनें रस्ते-अपघातांतील जखमींसाठीं रोख पैसे न भरतां उपचार मिळण्याची योजना लागू केली. मोटार वाहनाच्या अपघातांत कोणत्याहि रस्त्यावर जखमी झालेल्या माणसाला, अपघाताच्या तारखेपासून सात दिवसांपर्यंत, एकंदर दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार नेमलेल्या रुग्णालयांत मिळतात. पैसे सरकार रुग्णालयाला परस्पर देतें. रुग्णालय नेमलेल्यांपैकीं नसलें, तर मात्र प्रकृति स्थिरावण्यापुरतेच उपचार या योजनेखालीं मिळतात. येथें विशेष पाहण्यासारखें हें कीं, दोन व्यवहारांमधली दरी कायद्यानें येथें बुजविण्यास हात घातला. सात दिवस आणि दीड लाख ही मर्यादा मोठ्या दुखापतीला पुरणार नाहीं, हें खरें. परंतु अनामतीसाठीं पहिल्या रात्रीं दारोदार फिरण्याची वेळ तिच्यामुळें टळूं शकते. यासाठीं पोलिसांकडे अपघाताची नोंद विनाविलंब झाली पाहिजे.

आतां दुसरा प्रसंग घेऊं. रोगी बरा झाला, घरीं नेण्याची वेळ आली, आणि बिलांतले एक लाख रुपये अजून द्यावयाचे आहेत. रुग्णालय म्हणतें, पैसे भरा आणि माणूस न्या. असें म्हणण्याचा अधिकार रुग्णालयाला नाहीं. थकलेल्या बिलासाठीं रोग्याला अडकवून ठेवणें बेकायदेशीर आहे, हें मुंबई उच्च न्यायालयानें २०१८ सालीं स्पष्ट केलें. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानें तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेंतहि रोग्याला घरीं नेण्याचा, आणि दुर्दैवानें तो दगावला असेल तर त्याचा देह ताब्यांत मिळण्याचा हक्क सांगितलेला आहे. परंतु याचा अर्थ देणें बुडालें असा नाहीं. रुग्णालयाचे पैसे राहतातच, आणि ते वसूल करण्यासाठीं दिवाणी न्यायालयांत दावा लावण्याची वाट त्याला मोकळी असते. माणूस हें तारण नव्हे, एवढाच याचा अर्थ.

अशा वेळीं घाईघाईनें होणाऱ्या दोन सह्यांविषयीं सावध राहिलें पाहिजे. पहिली सही धनादेशावरची. ‘पुढच्या महिन्याच्या तारखेचा चेक द्या आणि जा,’ असें सांगितलें जातें आणि सुटकेच्या आनंदांत तो दिला जातो. थकलेलें बिल हें दिवाणी देणें आहे. त्यासाठीं कोणी गुन्हेगार ठरत नाहीं. पण देण्यापोटीं दिलेला धनादेश खात्यांत पैसे नसल्यामुळें परत गेला, आणि रीतसर नोटीस मिळाल्यावरहि ठरलेल्या मुदतींत रक्कम दिली नाहीं, तर तो गुन्हा होतो, आणि त्याला दोन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा सांगितलेली आहे. त्या लहानशा कागदानें साध्या देण्याचें रूपांतर फौजदारी प्रकरणांत होतें. खात्यांत पैसे येण्याची खात्री नसेल तर धनादेश देऊं नये. हप्ते लिहून मागावे. दुसरी सही नातलगाची. मेहुणा किंवा भाऊ मदतीसाठीं आलेला असतो, आणि न वाचतां हमीपत्रावर सही करतो. त्या क्षणापासून तो रोग्याच्या देण्याला जामीन झालेला असतो.

बिल हातीं आल्यावर त्याचा तपशील मागणें हा आपला हक्क आहे. एकरकमी आंकडा पुरेसा नाहीं. औषधें, तपासण्या, शस्त्रक्रिया, खाटेचें भाडें हें सर्व वेगळें लिहून घ्यावें. याचा उपयोग दोन ठिकाणीं होतो. रुग्णालयाशीं घासाघीस करतांना तो होतोच. परंतु त्याहून अधिक तो न्यायाधिकरणापुढें होतो.

या न्यायाधिकरणाविषयीं थोडें सांगतों. मोटारींनीं होणाऱ्या अपघातांची भरपाई लौकर मिळावी म्हणून १९५६ सालीं कायद्यांत दुरुस्ती करून हीं खास न्यायाधिकरणें निर्माण झालीं. अपघात कराडजवळ झाला आणि आपण पुण्यास राहत असलों, तरी अर्ज पुण्यास करतां येतो. २०१९ च्या दुरुस्तीनें अर्जाला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली. त्या मुदतीविषयींचा वाद सर्वोच्च न्यायालयांत गेला. परंतु शहाण्यानें वादाच्या निकालाची वाट न पाहतां सहा महिन्यांच्या आंत अर्ज करावा. जखमी माणसाला काय काय मागतां येतें, हें सर्वोच्च न्यायालयानें २०१० च्या एका निकालांत नीट मांडलें आहे. रुग्णालयाचा व औषधांचा खर्च, जाण्यायेण्याचा खर्च, पौष्टिक आहाराचा खर्च, अंथरुणावर असतांना बुडालेली कमाई, कायमच्या अपंगत्वामुळें पुढें बुडणारी कमाई, पुढील उपचारांचा खर्च, आणि सोसलेल्या यातना, हे सर्व त्यांत येतात. आपण मात्र मोठ्या बिलांच्या पावत्या जपतों, आणि रिक्षाच्या, कुबड्यांच्या, घरीं येणाऱ्या मालिश-व्यायामवाल्याच्या पावत्या फेंकून देतों. सहा महिन्यांत त्यांची बेरीज पाहून आपणच चकित होऊं. बिल भरलें असेल तर तसें, आणि राहिलें असेल तर तसें, अर्जांत स्पष्ट लिहावें.

येथें मध्यमवर्गीय घरांत हटकून निघणारी एक शंका घेतों. आपला स्वतःचा आरोग्यविमा होता आणि त्यांतून बिल भागलें, तर तीच रक्कम मोटारवाल्याकडून पुन्हां मागतां येईल का? विमा कंपन्या म्हणत कीं, एकदां मिळालें, पुन्हां कशाला? मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानें मार्च २०२५ मध्यें याचा निकाल जखमींच्या बाजूनें दिला. आरोग्यविम्याचे पैसे हे रोग्यानें स्वतः हप्ते भरून केलेल्या कराराचें फळ आहे. त्याच्या दूरदृष्टीचा लाभ अपघात करणाऱ्याला मिळूं नये, असें त्याचें तात्पर्य. म्हणून विम्यांतून भागलेल्या बिलाच्या प्रतीहि जपून ठेवाव्या.

निकालाला वेळ लागतो, तर मधल्या काळांत कांहींच मिळत नाहीं का? चूक कोणाची हें सिद्ध न करतां मोठ्या दुखापतीसाठीं अडीच लाख आणि मृत्यूसाठीं पांच लाख रुपये मिळण्याची तरतूद २०१९ च्या दुरुस्तीनें केली आहे. परंतु ती रक्कम स्वीकारली म्हणजे मोठ्या भरपाईचा अर्ज संपतो. तेव्हां वकिलाला विचारल्याशिवाय कागदावर सही करूं नये. धडक देऊन पळालेली मोटार सांपडलीच नाहीं, तर सरकारी योजनेंतून मोठ्या दुखापतीसाठीं पन्नास हजार आणि मृत्यूसाठीं दोन लाख रुपये मिळतात. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा न्यायालयांतील विधि सेवा प्राधिकरणाकडे जावें. स्त्रिया, मुलें आणि अपंग यांना मिळकतीची अट न लावतां तेथें मोफत मदत मिळते. आणि भरपाईचा मोठा भाग न्यायाधिकरणानें मुदतठेवींत ठेवला असला, तरी पुढील उपचारांसाठीं त्यांतून पैसे काढण्याची परवानगी मागतां येते. नवें कर्ज काढण्यापूर्वीं हा अर्ज करावा.

इतकें करूनहि कर्ज झालेंच, तर निदान तगाद्याला भिऊन अधिक खोलांत जाऊं नये. धनकोचे हक्क आहेत, तसे ऋणकोचेहि आहेत. बँकांच्या वसुली-प्रतिनिधींनीं थकलेल्या कर्जासाठीं सकाळीं आठच्या आधीं किंवा संध्याकाळीं सातच्या नंतर दूरध्वनि करूं नये, धाकदपटशा करूं नये, चारचौघांत अपमान करूं नये, असें रिझर्व्ह बँकेनें २०२२ सालीं बजावलें. सावकाराचें कर्ज असेल तर त्याचा परवाना विचारावा. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याप्रमाणें परवान्यावांचून सावकारी करणें हा गुन्हा आहे. परवाना असला तरी मुद्दलापेक्षां अधिक व्याज वसूल करतां येत नाहीं. आपल्या आजोबा-पणजोबांच्या वेळचा दामदुपटीचा जुना नियम तो हाच. मघांच्या उदाहरणांत चार लाखांवर चार लाख बत्तीस हजार व्याज झालें होतें. परवानाधारक सावकाराला त्यांतले वरचे बत्तीस हजार मागण्याचा हक्कच नाहीं.

प्रकरण न्यायालयांत गेलें आणि हुकूमनामा झाला, तरीहि जग बुडत नाहीं. स्वयंपाकाचीं भांडीं, अंथरूण-पांघरूण, कारागिराचीं हत्यारें जप्त करतां येत नाहींत. धर्माच्या रीतीप्रमाणें स्त्रीला अंगावरून उतरवितां येत नाहीं असा दागिना, म्हणजे आपल्याकडील मंगळसूत्र, त्यालाहि हात लावतां येत नाहीं. पगाराचे पहिले एक हजार रुपये आणि उरलेल्यांतील दोन-तृतीयांश भाग जप्तीबाहेर राहतो. आणि ज्याच्यापाशीं खरोखरच पैसे नाहींत, त्याला केवळ देणें फेडलें नाहीं म्हणून तुरुंगांत घालणें घटनेला धरून नाहीं, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानें १९८० सालीं दिला. एवढें ठाऊक असलें म्हणजे दारांत आलेल्या माणसाशीं शांतपणें बोलतां येतें. तो जें सांगेल तें सर्व लेखी मागावें. देण्याची नवी कबुली लिहून देतांनाहि विचार करावा. कारण पैशाच्या दाव्याला साधारणतः तीन वर्षांची मुदत असते, आणि ती संपण्यापूर्वीं दिलेल्या लेखी कबुलीनें ती नव्यानें सुरू होते. देणें खरें असेल तर तें फेडावें, यांत शंका नाहीं. पण तें आपल्या ऐपतीच्या हप्त्यांनीं आणि पावती घेऊन फेडावें.

श्रोतेहो, अपघात सांगून येत नाहीं, आणि त्या दिवशीं कायद्याचें पुस्तक उघडण्यास कोणाला सवड नसते. म्हणून आज रात्रीं एक लहानसें काम करा. घरांतल्या सर्वांच्या आरोग्यविम्याच्या कागदांची एक प्रत, जवळच्या धर्मादाय आणि सरकारी रुग्णालयांचीं नांवें, व रुग्णवाहिकेसाठीं १०८ हा क्रमांक, एवढें एका पाकिटांत घालून सर्वांना सांपडेल अशा जागीं ठेवा. आणि घरांतल्या सर्वांना एक वाक्य सांगून ठेवा : जीव वांचविण्यासाठीं सही लागली तर ती ताबडतोब करा, पैशाच्या कागदावरची सही मात्र वाचून करा.